आधी आवाज ऐका, मग गॅस भरा

एप्रिल उजाडला की गाड्यांच्या एसीचं काम करणाऱ्या गॅरेजांपुढे रांगा लागतात. नागपूर, अकोला, जळगावात तर मार्चच्या मध्यापासूनच. त्या रांगेतला संवाद राज्यभर साधारण एकच असतो. गाडीचा मालक काच खाली करून म्हणतो, "दादा, एसी लावला की आवाज येतोय बघा." मिस्त्री बोनेट उघडतो, एसी चालू करायला सांगतो, नळीला हात लावून पाहतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय साहेब. भरून घ्या." अर्ध्या तासात गॅस भरून होतो, पैसे दिले जातात, गाडी निघते. आवाज चार दिवस दबतो किंवा दबल्यासारखा वाटतो. तिसऱ्या आठवड्यात तीच गाडी त्याच दारात उभी राहते आणि आता मिस्त्री सांगतो, "काँप्रेसर गेला."

या सगळ्या व्यवहारात एक काम राहून गेलेलं असतं. तो आवाज कुणी नीट ऐकलेलाच नसतो.

एसीतून येणारा बहुतेक प्रत्येक वेगळा आवाज आपला ठावठिकाणा सांगत असतो. कुठून येतो, केव्हा येतो, कशाबरोबर वाढतो, एवढं पाहिलं तरी संशयाचं वर्तुळ एका-दोन भागांपर्यंत आकसतं. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण आपल्याकडे गॅसला पैसे मिळतात, सुट्या भागाला मिळतात, ऐकण्याला मिळत नाहीत. म्हणून ऐकलं जात नाही. हे बदलायला हवं, आणि ते ग्राहकाने मनावर घेतल्याशिवाय बदलणार नाही.

आवाजाचं वर्णन करणं मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं. घरघर, खरखर, खडखड, कुरकुर, टकटक, खुळखुळ, भुणभुण, चीं, सूं, फुस्स... यातला प्रत्येक शब्द वेगळ्या हालचालीचा आहे आणि कानाला तो फरक न शिकवता कळतो. पिठाच्या गिरणीत पट्ट्याचा आवाज बदलला की गिरणीवाला दळण थांबवून आधी पट्ट्याकडे बघतो. विहिरीच्या रहाटाची कुरकुर ऐकून तेल कुठे घालायचं हे घरातल्या बायकांनाही कळत असे. मात्र चार चाकांच्या गाडीत बसलं की ही सगळी शब्दसंपत्ती गुंडाळून ठेवली जाते आणि "आवाज येतो" एवढ्यावर काम भागवलं जातं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून गप्प बसण्यासारखंच हे. मिस्त्रीला "एसी लावल्यावर बोनेटखालून घरघर येते, ॲक्सिलरेटर दाबला की वाढते" असं सांगितलं तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

यासाठी यंत्रणा थोडी माहीत हवी. बोनेटखाली इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर गॅस दाबतो. दाबामुळे तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये निवतो आणि द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डाच्या आतल्या कूलिंग कॉईलमध्ये सुटतो. तिथे त्याचा पुन्हा वायू होतो आणि होता होता तो आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. ब्लोअर ही गार झालेली हवा बाहेर फेकतो. यात हलणाऱ्या वस्तू मोजायच्या तर काँप्रेसर, पट्टा आणि त्याच्या पुल्या, कंडेन्सरचा पंखा, ब्लोअर, हवेची वाट बदलणाऱ्या झडपांच्या चिमुकल्या मोटारी आणि खुद्द गॅस. आवाज येणार तो यांच्यापैकीच कुणाचा तरी.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: एसी बंद असताना आवाज येतो का? हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच सहसा कुणी विचारत नाही.

एसी बंद असला तरी इंजिन चालू आहे तोवर पट्टा फिरतो आणि पट्ट्याबरोबर काँप्रेसरची पुलीही फिरते. काँप्रेसरचं आतलं यंत्र तेवढं थांबलेलं असतं. बटण दाबलं की विद्युतचुंबक समोरची चकती पुलीकडे खेचून घेतो. मधली फट असते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. चकती चिकटल्याचा 'टक्' असा आवाज येतो आणि काँप्रेसर फिरू लागतो. हाच मॅग्नेटिक क्लच. तो नव्हता तेव्हा काय होतं, हे अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटारीवरून कळतं. कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार या कंपनीने १९३९ साली लोकांपुढे आणली. तिच्या काँप्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी उभी करून, बोनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे.

आता एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर काँप्रेसरच्या पोटात बिघाड असण्याची शक्यता फार कमी. संशय पुलीच्या बेअरिंगवर जातो, नाहीतर पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या किंवा मधल्या आयडलर पुलीच्या बेअरिंगवर. हे बेअरिंग काही शे रुपयांचं असतं. तिकडे छोट्या गाडीचा नवा काँप्रेसर दहा-पंधरा हजारांपासून पुढे जातो. घरघर कुठली आहे हे न पाहता काँप्रेसर बदलून टाकणं म्हणजे दाराची बिजागरी वाजते म्हणून दारच बदलण्यासारखं आहे. आवाज 'टक्' झाल्यानंतरच येत असेल, तर मात्र काँप्रेसर आतून झिजला आहे का, त्याला धरून ठेवणारे बोल्ट ढिले झाले आहेत का, हे पाहायचं. बोल्टाची तपासणी एका पान्याचं काम आहे. ती सगळ्यात आधी व्हायला हवी आणि बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होते.

जुने मिस्त्री यासाठी काय करतात ते पाहण्यासारखं असतं. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडतात, गळ्यातली माळ आत सारतात, आणि हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवत त्याचं टोक एका जागी टेकवतात. मूठ कानापुढच्या हाडाला लावतात. आधी अल्टरनेटरचं अंग, मग टेन्शनरचा मधला स्थिर बोल्ट, मग काँप्रेसरचं अंग. चांगलं बेअरिंग धातूतून एकसारखा 'हूं' असा सूर देतं. खराब झालेलं बेअरिंग ज्वारी भरडल्यासारखं वाजतं. ते एकदा ऐकलेला माणूस पुन्हा चुकत नाही. याच कामासाठी मिस्त्रीचा स्टेथोस्कोपही मिळतो आणि तो महाग नाही. घरच्या माणसाने मात्र चालू इंजिनात हात किंवा हत्यार घालण्याच्या फंदात पडू नये. कंडेन्सरचा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो आणि बोटं घेऊन जातो. मालकाने बाहेरून कान द्यावा, नोंद करावी. तेवढं पुरतं.

काही नव्या गाड्यांमध्ये क्लच नसलेला, गरजेप्रमाणे कमी-जास्त दाब देणारा काँप्रेसर असतो. तो इंजिनाबरोबर कायम फिरतो, त्यामुळे तिथे 'टक्' ऐकू येणार नाही आणि चालू-बंदचा फरकही पुसट असतो. आपल्या गाडीत कोणता आहे, हे मिस्त्रीला विचारून घ्यावं.

पट्ट्याचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे. एसी लावताच 'चीं' अशी चिरकी किंकाळी उठते आणि काही क्षणांत विरते. काँप्रेसरचं ओझं एकदम अंगावर आलं की सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो, त्याची ही ओरड. पट्ट्याच्या आतल्या खाचांवर थोडं पाणी शिंपडून पाहण्याची मिस्त्री लोकांची जुनी रीत आहे. पाण्याने आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. आवाज उलट वाढला तर ताण कमी आहे. चिरकणाऱ्या पट्ट्यावर चिकट फवारा मारून ग्राहकाला वाटेला लावणारेही आहेत. त्याने चार दिवस शांतता मिळते, दुखणं जागच्या जागी राहतं.

डॅशबोर्डातले आवाज वेगळ्या घराण्याचे. ब्लोअरचं बटण एकावरून चारावर नेलं आणि त्याबरोबर आवाज चढला, तर काँप्रेसरचा त्याच्याशी काही संबंध नाही. गॅसचाही नाही. पुण्या-मुंबईत झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना याचा अनुभव असतो. काचेखालच्या जाळीतून हवेबरोबर सुकलेलं पान आत शिरतं, घरंगळत ब्लोअरच्या पिंजऱ्यात पोचतं आणि पात्यांना घासत राहतं. फर्रर्र असा, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा आवाज येतो. बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स काढला, तीन-चार स्क्रू सोडवले की ब्लोअर हातात येतो. आतून निघतं काय? पिंपळाचं जाळी झालेलं पान, गुलमोहराच्या बारीक पाकळ्या, कधी कागदी नॅपकिनचा चोळामोळा, आणि पावसाळ्यानंतर उंदराने जमवलेला कापूस. वीस मिनिटांचं काम. एवढ्यासाठी "मोटार गेली, बदलावी लागेल" असं ऐकून घरी परतलेले लोक कमी नाहीत.

गाडी सुरू करताना किंवा तापमानाचं बटण फिरवताना डॅशबोर्डाच्या आत घड्याळासारखं टक-टक-टक सुरू होतं आणि काही सेकंदांत थांबतं, ती झडपेची तक्रार. गार आणि गरम हवेचं मिश्रण ठरवणारी झडप एक लहान मोटार फिरवते. तिच्या प्लॅस्टिकच्या चाकाचा दात तुटला की मोटार त्याच जागी धडपडत राहते. वळणावर गाडी झुकताच पायापाशी डबक्यासारखं डुचमळत असेल, तर कूलिंग कॉईलवर साचलेलं पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी तुंबलेली आहे. चालकाशेजारच्या सीटपुढची चटई उचलून पाहा, बहुधा ओली लागेल. ही नळी साफ करायला फारसा खर्च येत नाही. तशीच ठेवली तर गालिचा कुजतो, वायरिंगच्या जोडण्या गंजतात, आणि मुलांना गाडीत बसल्यावर शिंका का येतात हे कुणाला उमगत नाही.

काही आवाज मात्र आजाराचे नसतात, आणि तेही माहीत असायला हवेत. इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डातून मिनिटभर येणारा 'सूं' हा दोन बाजूंचे दाब एकमेकांशी जुळत असल्याचा आवाज आहे. अधूनमधून येणारी 'टक्' क्लचची आहे. बोरघाट चढताना छोट्या इंजिनाच्या गाडीत एसी मध्येच सुस्तावतो, कारण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा संगणक काँप्रेसरचं ओझं काही क्षण उतरवून ठेवतो. विजेवरच्या गाड्यांत तर काँप्रेसरला स्वतःची मोटार असते. चार्जिंगला लावलेली रिकामी गाडी रात्री भुणभुणू लागली की लोक घाबरतात. बॅटरी गार ठेवण्यासाठी तो काँप्रेसर चाललेला असतो. या गाड्यांचा एसी मात्र रस्त्यावरच्या कोपऱ्यावर कधीही उघडू देऊ नये. त्यांच्या नारिंगी तारांतून शेकडो व्होल्टची वीज वाहते, आणि त्यांच्या काँप्रेसरला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं. साध्या गाडीचं तेल त्यात गेलं तर विजेची गळती होऊ शकते.

आता गॅसकडे यायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. "गॅस संपला" हे वाक्य पेट्रोल संपल्यासारखं उच्चारलं जातं. एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तोच तो गॅस बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो. रबरी नळ्यांतून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो, ते सोडलं तर कमी झालेला गॅस म्हणजे कुठेतरी गळती. आणि छोट्या-मध्यम गाडीत तो असतोच किती? साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. मोसमात दोनदा गॅस भरावा लागत असेल तर गाडीला भोक आहे आणि ते कुणी शोधलेलं नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने कंडेन्सर आणि कूलिंग कॉईलची ॲल्युमिनियमची नळी खाल्ली जाते. तिथे हे जास्त दिसतं.

कमी गॅसचाही स्वतःचा आवाज असतो. एसी चालू असताना डॅशबोर्डातून सतत सूं येत राहतं, मध्येच बुडबुडे फुटल्यासारखं होतं, कारण व्हॉल्व्हपाशी निखळ द्रव पोचण्याऐवजी द्रव आणि वायूचं मिश्रण येतं. क्लच दर काही सेकंदांनी टक्-टक् करत लागतो-सुटतो. हे आवाज ओळखून गळती शोधली तर काम थोडक्यात आटपतं. दुर्लक्ष केलं तर पुढची पायरी महागडी असते. काँप्रेसरला लागणारं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस कमी झाला की तेलही धड परत येत नाही आणि काँप्रेसर कोरडा चालतो. मग घरघर, मग खडखड, आणि एक दिवस तो आतून फुटतो. धातूचा काळसर चुरा सगळ्या नळ्यांमध्ये पसरतो. आजच्या कंडेन्सरच्या वाटा इतक्या बारीक असतात की त्या धुऊन पूर्ण स्वच्छ होत नाहीत. नवा काँप्रेसर जुन्या चुऱ्यावर बसवला तर तोही काही महिन्यांत जातो.

गॅस जास्त झाला तरी आवाज होतो. अंदाजाने भरलेला गॅस सकाळच्या गारव्यात चालून जातो. दुपारी ऊन तापलं की कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, दाब चढतो आणि काँप्रेसर कण्हल्यासारखा घोंगावतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. अशा दुपारी रस्त्यावर उभ्या गाडीच्या एसीवर किती ताण येत असेल! म्हणूनच गॅस हा वजनावर भरायचा असतो. किती ग्रॅम भरायचा याचं लेबल बहुतेक गाड्यांच्या बोनेटखाली चिकटवलेलं असतं. आधीचा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, गळती तपासायची, निदान अर्धा तास निर्वात करून नळ्यांतला ओलावा काढायचा आणि मग तोलून गॅस भरायचा. नळीला हात लावून 'बास' म्हणायची ही गोष्ट नाही.

आधीचा गॅस काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही, याला मोठं कारण आहे. जुन्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. साडेचारशे ग्रॅम आर-१३४ए हवेत सोडणं म्हणजे जवळपास ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे गॅरेजच्या दारात 'फुस्स' करून रिकामी केलेली एक गाडी २८० लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान करते. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीचा हा चार हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास झाला. युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत हा गॅस बंद केला. भारताने मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली आणि त्यानुसार २०३२ पासून अशा वायूंचा वापर पायरीपायरीने उतरवायचा आहे. तोवर रस्त्यावर असलेल्या गाड्यांतला गॅस त्यांच्या नळ्यांतच राहील याची काळजी घेणं आपल्या हातात आहे.

गॅसच्या भेसळीचंही भान हवं. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही शीतकंटेनरांच्या काँप्रेसरांचे स्फोट होऊन माणसं दगावली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून पेट घेणारं रसायन बनवतं. स्वस्तातला बेनामी डबा म्हणूनच नको.

या सगळ्याला एकटा मिस्त्री जबाबदार नाही, हे स्पष्टपणे म्हणायला हवं. अनेक मिस्त्रींना आवाज ऐकता येतो, फरक कळतो. पण वीस मिनिटं कान लावून "तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, पान अडकलं होतं" असं सांगितलं तर ग्राहक हसून "बरं झालं" म्हणतो आणि पन्नासची नोट पुढे करतो, कधी तीही नाही. त्याच वीस मिनिटांत गॅस भरला असता तर हजार-दोन हजार सुटले असते. दुकानाचं भाडं, पोराचा पगार, यंत्राचा हप्ता हे सगळं गॅसवर आणि सुट्या भागांवर निघणार असेल तर निदानही त्याच दिशेने झुकणार. तपासणीची फी आधीच ठरवून, फलकावर लावून घेण्याची पद्धत गॅरेजांनी सुरू करावी, आणि ग्राहकाने ती घासाघीस न करता द्यावी. काम तिथेच करून घेतलं तर ती बिलातून वळती करता येईल. तीन-चारशे रुपये देऊन खरं निदान मिळालं तर पंधरा हजार वाचतात.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांत वेगळी अडचण असते. तिथे ग्राहक आणि मिस्त्री यांची गाठच पडत नाही. काउंटरवरचा सल्लागार जॉब कार्डवर 'एसी नॉइज' असे दोन शब्द लिहितो आणि गाडी आत जाते. आवाज घाटात येतो की सिग्नलला, सकाळी की दुपारी, हे सगळं त्या दोन शब्दांत गडप होतं. संध्याकाळी उत्तर मिळतं, "आमच्याकडे आवाज आलाच नाही." जॉब कार्डवर ग्राहकाच्या शब्दांत लक्षण लिहिलं जावं, आणि आवाज येतो त्या परिस्थितीत मिस्त्रीने मालकासोबत एक फेरी मारावी. बदललेला जुना भाग न मागता परत मिळावा आणि किती ग्रॅम गॅस काढला, किती भरला, हे बिलावर छापलं जावं. यातली एकही मागणी अवाजवी नाही.

कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. दुरुस्तीची पुस्तिका आणि सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावेत, हा त्यामागचा विचार. तो आपल्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचला तर खूप काही बदलेल.

हे तातडीचं का आहे, यालाही कारण आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. उन्हात बारा-बारा तास स्टिअरिंग धरणाऱ्या चालकासाठी हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. पण या ट्रकांचा एसी बिघडणार तो धुळे-सोलापूरच्या वाटेवर, एखाद्या ढाब्यामागच्या गॅरेजात. तिथल्या पोराला आवाज ओळखायला कुणी शिकवलं आहे? २०१९ च्या 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन'ने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत आणि गाडीचा एसी नेमका त्या दोघांच्या सीमेवर येतो. महामार्गावरच्या तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये गाडीच्या एसीचा तीन महिन्यांचा वेगळा वर्ग राज्याने सुरू करावा. त्यात गेज आणि यंत्राबरोबर कानाचीही परीक्षा घ्यावी.

गाडीवाल्याने मात्र कशाचीही वाट पाहू नये. येत्या रविवारी सकाळी गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गाणी आणि मोबाइल बंद करा. इंजिन सुरू करून एक मिनिट एसी न लावता ऐका. मग एसी लावा, ब्लोअर एकवर ठेवा, पुन्हा ऐका. ब्लोअर चारपर्यंत न्या. तापमानाचं बटण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फिरवा. शेवटी ब्लोअर परत एकवर आणून ॲक्सिलरेटर हलका दाबा. प्रत्येक पायरीला जो आवाज आला तो आपल्याच शब्दांत, घरघर, टकटक, सूं, जसा ऐकला तसा कागदावर उतरवा. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे काँप्रेसरचं सील कोरडं पडणार नाही. गॅरेजात गेल्यावर तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या आणि सांगा, "दादा, आधी हे ऐकून बघा, तपासणीचे पैसे वेगळे देतो. गॅसचं नंतर बघू."